आई, विषय सुचव ना!

सहामाही परीक्षा आटोपली, की घराघरांतून ही हाक ऐकू येते. जीवशास्त्राच्या बाईंनी प्रकल्प करून आणायला सांगितलेला असतो आणि विषय मात्र 'तुमचा तुम्ही शोधा' म्हणून मुलांच्या गळ्यात घातलेला असतो. मग काय, आपलीच धावपळ! कुणी शेजारच्या मुलीची गेल्या वर्षीची वही मागून आणते, कुणी कोपऱ्यावरच्या दुकानातून हृदयाचं तयार मॉडेल आणून मोकळी होते. वही तपासली जाते, मार्कही मिळतात. पण मुलाला विचारा, "काय रे, काय शिकलास?" तर स्वारी गप्प!

मैत्रिणींनो, खरं तर हा विषय शोधायला घराबाहेर जायची गरजच नाही. मात्र एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. नुसता विषय शोधायचा नाही, प्रश्न शोधायचा. 'डास' हा विषय झाला. त्यावर पुस्तकातली चार पानं उतरून काढता येतात. पण 'आमच्या इमारतीत डासांच्या अळ्या नेमक्या कुठं सापडतात?' हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. ते मुलालाच शोधावं लागतं.

प्रश्न चांगला की वाईट हे ओळखायच्या साध्या कसोट्या आहेत. उत्तर मोजता आलं पाहिजे. सामान घरात असलं पाहिजे. हाताशी असलेल्या दिवसांत काम संपलं पाहिजे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. मेंडेलनं १८५६ ते १८६३ अशी वर्षं मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८ हजार झाडं लावली आणि अमुक रंगाचे दाणे किती, तमुक किती, हे मोजत बसला. आनुवंशिकतेचे नियम त्या मोजदादीतून निघाले!

आता काही नमुने पाहा.

मटकीचे मोड : तीन डब्यांत मोजून पन्नास-पन्नास दाणे घ्या. पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात पेलाभर पाण्याला पाव चमचा मीठ, तिसऱ्यात एक चमचा मीठ. रात्रभर भिजवून, निथळून फडक्यात बांधा. चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी मोड आलेले दाणे मोजा. पोरखेळ वाटतो ना? पण कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात भरमसाट पाणी दिल्यानं जमिनी खारावल्या, तिथल्या शेतकऱ्यापुढं हाच प्रश्न उभा आहे.

दह्याचं विरजण : तीन वाट्यांत सारखंच कोमट दूध, सारखंच चमचाभर विरजण. एक वाटी फ्रिजमध्ये, एक ओट्यावर, एक गरम कपड्यात गुंडाळून डब्यात. दर तासाला वाटी हळूच कलती करून कोणतं आधी लागलं ते लिहायचं. विरजणातल्या जिवाणूंना ऊब लागते, गारठ्यात ते सुस्तावतात आणि कढत दुधात मरतात. आपल्या आज्या बोट बुडवून दुधाची ऊब बघत, त्याचं कारण हेच!

डासांच्या अळ्या : डेंग्यूचा डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर. वीस घरांत विचारून, पाहून तक्ता करायचा. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन् महिने टिकतात, तेव्हा पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. एवढं इमारतीला समजलं तरी प्रकल्पाचं सार्थक झालं. अळ्या घरात पाळायच्या मात्र नाहीत हं!

कढीलिंबावरचा सुरवंट : महिनाभर सवड असेल तर कढीलिंबावर किंवा लिंबाच्या झाडावर लक्ष ठेवा. पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा इवलासा सुरवंट पुढं हिरवागार होतो, कोष करतो आणि फुलपाखरू होऊन उडून जातो. रोजची लांबी नि खाल्लेली पानं लिहायची. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतं.

काही पथ्यं मात्र पाळा. ब्रेडवरची बुरशी पाहायची असेल तर पिशवी बंद ठेवूनच पाहायची, उघडून हुंगायची नाही. मुक्या जिवाला त्रास होईल असं काही करायचं नाही. आणि शेजाऱ्यांचं वजन, आजार यांची माहिती विचारायची झाली, तर परवानगी घेऊन आणि नावं न लिहिता.

आता आपलं काम काय? सामान द्यायचं, वेळेची आठवण करायची आणि 'हे असं का झालं असेल?' एवढं विचारायचं. वही आपण लिहायची नाही. अक्षर वाकडं येऊ द्या, आकडे त्याचे स्वतःचे असू द्या. साध्या पाण्यातली मटकीसुद्धा उगवली नाही, तर "दे, मी मोड आलेली आणून देते" असं मुळीच म्हणू नका. दाणे जुने होते का, पाणी फार राहिलं का, हे शोधायला लावा आणि जे घडलं तेच लिहू द्या. आकडे ठाकठीक करून लिहायची सवय एकदा शाळेत लागली, की पुढं ती सुटत नाही.

तेव्हा या खेपेला "आई, विषय सुचव ना!" म्हणून कुणी पदर ओढला, तर त्याला स्वयंपाकघरात बोलवा. "इथलं तुला काय कळत नाही, ते सांग बघू," म्हणा. जे तो सांगेल, तोच त्याचा विषय.