ओळख शरीराची – लेखांक ६ : हाडाच्या आत

गेल्या आठवड्यात आपण सांध्यांची रचना पाहिली. आज हाडाच्या आत शिरू. त्यासाठी मांडीचे हाड निवडू या. शरीरातले हे सर्वांत लांब हाड.

या हाडावर बाहेरून एक चिवट आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू भरपूर असतात. नडगीवर काही आपटले की जीव कळवळतो, तो या आवरणामुळेच. मोडलेले हाड जुळवायला ज्या पेशी धावून येतात, त्यांतल्या बऱ्याच इथल्याच असतात.

आवरणाखाली टणक हाडाचा थर. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जागोजागी बारीक नळ्या दिसतात आणि प्रत्येक नळीभोवती कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे. इंग्रज वैद्य क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ मध्ये या नळ्यांचे वर्णन केले. आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांतून रक्त वाहते आणि पापुद्र्यांमधल्या पेशी त्यावर जगतात. हे पापुद्रे कोलॅजेनचे तंतू आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक यांचे बनलेले असतात. स्फटिकांमुळे हाड कडक राहते, तंतूंमुळे ते काचेसारखे तडकत नाही. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षार विरघळून जातात आणि उरलेले हाड हाताने वाकते.

मांडीच्या हाडाची टोके आतून जाळीदार असतात. १८६६ मध्ये झुरिकमध्ये शरीररचनातज्ज्ञ हर्मान फॉन मायर ही जाळी दाखवत असताना अभियंता कार्ल कुलमान यांच्या लक्षात आले, की तिच्या रेषा ओझ्याचा ताण ज्या दिशांनी जातो, त्याच दिशांनी धावतात. पुढे १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी सिद्धान्त मांडला : हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची घडण बदलते.

याच जाळीच्या पोकळ्यांत लाल मज्जा असते. रक्तातल्या तांबड्या पेशी इथेच तयार होतात, सेकंदाला सुमारे वीस लाख. वाढत्या वयात मांडीच्या हाडाच्या मधल्या पोकळीत तिची जागा चरबीयुक्त पिवळी मज्जा घेते. कमरेच्या हाडात मात्र लाल मज्जा टिकून राहते, म्हणून तपासणीसाठी मज्जा बहुधा तिथूनच काढतात.

हाडात एका जातीच्या पेशी जुना भाग पोखरत असतात, दुसऱ्या जातीच्या नवा भरत असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. माणूस अंथरुणाला खिळला, किंवा स्त्रीची पाळी कायमची थांबली, की पोखरण भरणीपेक्षा वाढते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

तेव्हा दूध आणि नाचणी ताटात हवीच. पण तेवढ्याने भागत नाही. हाडांना रोज भार मिळायला हवा. झेपेल तेवढे चाला, जिने चढा आणि घरातल्या आजी-आजोबांनाही चालते ठेवा.

(पुढील आठवड्यात : मोडलेले हाड कसे जुळते?)