स्वतःच्या गाडीतून विश्वविजेता

फॉर्म्युला वनच्या इतिहासात विश्वविजेते अनेक झाले; परंतु स्वतःचे नाव असलेल्या गाडीतून विश्वविजेतेपद पटकावणारे चालक एकच, ऑस्ट्रेलियाचे सर जॅक ब्रॅबहॅम.

१९२६ मध्ये जन्मलेले ब्रॅबहॅम मूळचे यंत्रज्ञ. महायुद्धाच्या अखेरीस ते हवाई दलात मेकॅनिक होते. १९५५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि कूपर संघात दाखल झाले. इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या कूपर गाडीतून त्यांनी १९५९ व १९६० अशी सलग दोन विश्वविजेतेपदे मिळविली. त्यानंतर विजयी संघ सोडून, रचनाकार रॉन टॉरॅनॅक यांच्यासह त्यांनी स्वतःच्या गाड्या बांधण्याचा धोका पत्करला. १९६२ मध्ये त्यांची पहिली फॉर्म्युला वन गाडी जर्मन ग्रां प्रीत उतरली. मात्र पुढील तीन वर्षे त्यात बसून ब्रॅबहॅम यांना एकही विश्वविजेतेपदाची शर्यत जिंकता आली नाही.

संधी आली १९६६ मध्ये. त्या वर्षी इंजिनाची क्षमतामर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली. फेरारीने बारा सिलिंडरचे शक्तिशाली इंजिन आणले. ब्रॅबहॅम यांनी मात्र ऑस्ट्रेलियातील रेपको कंपनीकडून आठ सिलिंडरचे साधे इंजिन तयार करवून घेतले. त्याचा ॲल्युमिनियमचा मूळ सांगाडा अमेरिकी ओल्ड्समोबील मोटारीचा होता. शक्ती अवघी सुमारे ३०० अश्वशक्ती. पण इंजिन हलके, इंधनाचा खर्च कमी आणि भरवसा अधिक. गाडीचा सांगाडाही दुरुस्तीस सोप्या अशा पोलादी नळ्यांचा होता.

हे गणित अचूक ठरले. फ्रान्समधील रॅंस येथे आघाडीवरील फेरारी बिघडली आणि ब्रॅबहॅम जिंकले. पाठोपाठ ब्रिटन, हॉलंड व जर्मनीतही तेच अव्वल ठरले. चाळिशी गाठल्याबद्दल होणाऱ्या थट्टेला हॉलंडमध्ये त्यांनी खोटी दाढी लावून, काठी टेकत गाडीकडे जात उत्तर दिले! त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांचेच ठरले.

पुढच्या वर्षी मात्र बांधणारा चालकाच्या आड आला. नवे सुटे भाग ते आधी स्वतःच्या गाडीवर आजमावीत आणि त्यातील बिघाडांची किंमतही स्वतःच मोजत. १९६७ चे विजेतेपद त्यांच्याच संघातील डेनी हल्म यांनी जिंकले.

१९७० मध्ये ब्रॅबहॅम निवृत्त झाले, २०१४ मध्ये निवर्तले. त्यांचा विक्रम अबाधित आहे.