मँडोलिन बेसूर वाजतेय? कानाला दोष देण्याआधी ब्रिज बघा

मोबाइलच्या ट्यूनरवर चारही तारा बरोबर दिसतात. काटा मधोमध, हिरवा दिवा. पण गाणे सुरू केले की दुसऱ्या-तिसऱ्या सुरापासून काहीतरी खटकायला लागते आणि वरच्या सुरांवर गेले की ऐकवतच नाही. घरात कुणी मँडोलिन शिकत असेल तर हा प्रकार ओळखीचा असेल. पुढे काय होते तेही ठरलेले. "याला सुराचा कान नाही" असा शिक्का बसतो, मूल हिरमुसते आणि सहा महिन्यांत वाद्य कपाटावर जाते. खरे तर अशा वेळी मुलाचा कान शाबूत असतो, म्हणून तर त्याला खटकते! चुकलेली असते ती ब्रिजची जागा. दोन-चार मिलिमीटरने. आणि ती दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही.

पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. खुंटी पिळून लागते ती फक्त मोकळी तार. तीच तार पाचव्या, सातव्या, बाराव्या पडद्यावर दाबल्यावर बरोबर बोलेल की नाही, हे खुंटीच्या हातात नाही.

सतारवाल्यांना हा प्रश्न वेगळ्या रूपात माहीत असतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. गंधार चढा वाटला तर पडदा बोटाने जरा वर सरकवायचा, झाले काम. मँडोलिनचे पडदे म्हणजे लाकडात ठोकून बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. त्या हलत नाहीत. हलतो तो फक्त ब्रिज, म्हणजे आपल्या भाषेत घोडी. तो चिकटवलेला नसतो, नुसत्या तारांच्या दाबाने पोटावर उभा असतो. वाद्य कुरिअरने आले, तारा बदलल्या, कुणाचा धक्का लागला की सरकतो. बऱ्याच नव्या वाद्यांत तर ब्रिज कागदात गुंडाळून वेगळाच दिलेला असतो आणि घेणारा तो अंदाजाने उभा करतो. तिथेच घोळ होतो.

आधी मोकळ्या तारा

मँडोलिनला आठ तारा, पण चार जोड्या. जाड जोडीकडून बारीक जोडीकडे जी, डी, ए, ई. आपल्याकडे हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. पांढरी एकला षड्ज धरला तर मंद्र पंचम, मध्य रिषभ, मध्य धैवत आणि तार गंधार. हे सप्तक नीट ध्यानात ठेवा. बारीक तार भलत्याच सप्तकात चढवायला गेलात तर ती तुटते, आणि पोलादी तार तुटताना हाताला, क्वचित डोळ्यालाही लागू शकते. आकड्यांत हवे असेल तर १९६, २९३.७, ४४० आणि ६५९.३ हर्ट्झ.

व्हायोलिनच्या तारा याच सुरांत लागतात, त्यामुळे डाव्या हाताची बोटे दोन्हीकडे सारखीच पडतात. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथे शिकलेल्या वादकाला मँडोलिन, पोर्तुगीजांचे 'बांदोलिम', हातात घेतल्यावर बोटे पुन्हा शोधावी लागत नसत. फरक एकच. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे सूर चुकला तर बोट जरा सरकवून सावरता येतो. मँडोलिनवर ती सोय नाही.

लावताना जोडीतली एकच तार आधी घ्या, दुसरी बोटाने दाबून मुकी ठेवा. नेहमी खालून वर या, म्हणजे तार आधी थोडी उतरवून मग हळूहळू चढवत सुरावर आणा. वरून खाली आणलेली तार खुंटीच्या दात्यांत ढिली राहते आणि दोन मिनिटांत उतरते. पहिली तार लागली की दुसरी तिच्याशी मिळवा, आणि इथे ट्यूनरपेक्षा कानावर भरवसा ठेवा. दोन्ही एकदम छेडल्यावर सूर वाँव-वाँव असा डोलत असेल तर त्या अजून जुळलेल्या नाहीत. एक ४४० वर आणि दुसरी ४४२ वर असेल तर सेकंदाला दोन डोल ऐकू येतात. डोल संथ होत होत थांबला की जोडी एकजीव झाली. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो, त्यांना करू द्या.

जुने वादक एक तार लावून बाकीच्या सातव्या पडद्यावरून मिळवतात. जी तार सातव्या पडद्यावर दाबली की मोकळ्या डी तारेचा सूर मिळतो, डीवर ए, एवर ई. पद्धत चांगली आहे, पण ब्रिज जागेवर असेल तरच. तो सरकलेला असेल तर प्रत्येक पायरीला चूक वाढत जाते आणि चौथी जोडी भलतीकडेच पोचते. म्हणून पहिल्यांदा चारही जोड्या ट्यूनरवर किंवा पेटीवर स्वतंत्र लावा.

बाराव्या पडद्याची परीक्षा

बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे सप्तक पुरे होते. परीक्षा अशी. बाराव्या पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या नेमके वर, तार न दाबता, बोट नुसते टेकवा, तार छेडा आणि लगेच बोट उचला. घंटेसारखा स्वच्छ, बारीक सूर येईल. हा मोकळ्या तारेचा खरा तार षड्ज. आता तीच तार त्याच पडद्यावर नेहमीसारखी दाबून छेडा. दोन्ही सूर तंतोतंत एक आले तर ब्रिज जागेवर आहे, काही करू नका.

दाबलेला सूर चढा आला तर बोलणारी तार आखूड पडते आहे. ब्रिज मागे, म्हणजे तारा अडकवलेल्या पत्र्याकडे सरकवा. दाबलेला सूर उतरलेला आला तर ब्रिज पुढे, मानेकडे घ्या. "चढा तर मागे, उतरला तर पुढे" एवढे लक्षात ठेवले की पुरे.

किती सरकवायचा? आजच्या बहुतेक मँडोलिनमध्ये मानेच्या वरच्या खाचपट्टीपासून ब्रिजपर्यंत साधारण ३५ सेंटिमीटर लांबी असते. एवढ्या लांबीत ब्रिज १ मिलिमीटर चुकला की बाराव्या पडद्याचा सूर जवळपास ५ सेंटने बिघडतो. पेटीवरच्या दोन लागोपाठच्या सुरांमधले अंतर १०० सेंट धरतात. ५ सेंट पुष्कळांना कळतही नाहीत. पण ब्रिज ४ मिलिमीटर सरकला की चूक २० सेंटवर जाते, आणि ती शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळते.

इथे कुणी म्हणेल, बारावा पडदा मध्यावरच असतो तर फूटपट्टीने मोजून ब्रिज ठेवला की झाले की! नाही होत. तार पडद्यावर दाबताना ती थोडी ताणली जाते आणि ताणली की चढते. तेवढी भरपाई करायला ब्रिज हिशेबाच्या जागेपेक्षा थोडा मागे ठेवावा लागतो. जाड तारेला ही भरपाई जास्त लागते, बारीक तारेला कमी. म्हणून मोजमाप फक्त सुरुवातीला, शेवटचा निकाल कानाचा.

ब्रिजची वरची कड नागमोडी, पायऱ्या-पायऱ्यांची दिसते ती याच कारणासाठी. ती घडणावळीतली चूक समजून कुणी घासून सरळ केली तर वाद्याचे नुकसान. ए तार साधी पोलादी आणि डी तार वरून गुंडाळलेली असते. दिसायला डी जाड, पण आतली तार बारीक, त्यामुळे एला डीपेक्षा जास्त भरपाई लागते आणि पायरी तिथे मागे जाते. तारा बदलताना ब्रिज निघाला आणि परत बसवताना उलटा बसला, तर कितीही सरकवा, चार जोड्या एकदम जुळायच्या नाहीत. एक बाजू जुळली की दुसरी बिघडते असे होऊ लागले तर आधी हेच तपासा.

सरकवताना

तारा पूर्ण ताणलेल्या असताना ब्रिज ओढू नका. आठ तारांचा मिळून ताण ७० ते ८० किलोच्या घरात असतो आणि ब्रिज त्याखाली घट्ट दाबलेला असतो. ओढला तर पॉलिशवर ओरखडा उठतो किंवा ब्रिज आडवा होतो. सगळ्या तारा एक-दोन फेरे सैल करा, सोडू नका. सध्याच्या जागी दोन्ही पायांजवळ पेन्सिलीची बारीक खूण करा. मग दोन्ही हातांनी पायाशी धरून अर्धा-एक मिलिमीटर सरकवा, तारा पुन्हा लावा, पुन्हा परीक्षा घ्या. प्रत्येक वेळी मोकळी तार नव्याने लावल्याशिवाय परीक्षेला अर्थ नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पहिल्यांदा अर्धा तास जातो.

आधी दोन्ही कडेच्या जोड्या बघा. ई जोडी बारीक बाजूचा पाय ठरवते, जी जोडी जाड बाजूचा. त्यामुळे ब्रिज कधी कधी थोडा तिरपा उभा राहतो आणि तो तसाच राहू द्यावा. मात्र तो पुढे झुकलेला चालणार नाही. तारा चढवताना ब्रिजचा माथा खुंट्यांकडे ओढला जातो. बाजूने बघा, मागची कड ताठ उभी हवी.

एक अडचण ब्रिजने सुटत नाही. मोकळी तार बरोबर, बारावा पडदा बरोबर, पण पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर सूर चढा येतो. अशा वेळी बहुधा वरच्या पट्टीच्या खाचा उंच राहिलेल्या असतात आणि तार दाबायला जास्त खाली न्यावी लागते. खाच घासायचे काम बारीक कानशीचे आणि सवयीच्या हाताचे. एक फेरा जास्त घासला गेला तर तार पडद्यावर खरखरते आणि पट्टीच बदलावी लागते. हे घरी करू नका. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर बेळगाव-निपाणीकडच्या लोकांना लांब नाहीत. जवारी काढणाऱ्या हाताला घोडी आणि खाच समजावून सांगावी लागत नाही. फक्त जाताना हे नक्की सांगा की मँडोलिनला जवारी नको आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद, सपाट, तार तिच्यावर घासून गुंजावी म्हणून. मँडोलिनला तार एका बारीक कडेवरूनच सुटायला हवी, नाहीतर सूर फाटतो.

तारा जुन्या असतील तर सगळे व्यर्थ

हे खरे तर आधी सांगायला हवे. गोवा आणि कोकणपट्टीतल्या दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. गंजलेली तार सगळीकडे सारख्या जाडीची राहत नाही, मग तिचा बारावा पडदा कुठल्याच जागी जुळत नाही. बोटाला तार खरखरीत लागली की नवा संच घाला आणि मगच परीक्षा घ्या. बदलताना सगळ्या तारा एकदम काढू नका, ब्रिज खाली पडेल. एक काढा, एक घाला. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्या तर टिकतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, पोट किंचित फुगते, तारा चढतात, उन्हाळ्यात उलट. इंदूर किंवा हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात राहिलेले वाद्य जूनमध्ये पणजीला नेले तर खूण केलेल्या जागीही सूर थोडा वेगळा येईल.

आणि गंधाराचे काय?

ब्रिज अगदी जागेवर आला तरी ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्यांना एक तक्रार राहतेच. मँडोलिनचे पडदे पेटीसारखेच, सप्तकाचे बारा समान भाग करून ठोकलेले. त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटच्या आसपास असतो. हा १४ सेंटचा फरक वाद्याच्या रचनेतला आहे. तो घालवायला ब्रिज सरकवाल तर पंचम आणि सप्तक दोन्ही गमवाल.

तरीही याच वाद्यावर रागसंगीत झाले. माळव्यातल्या सीतामऊचे सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) चित्रपटांचे संगीतकार म्हणून लोकांना माहीत आहेत, पण मँडोलिनवर ते हिंदुस्थानी राग वाजवत आणि मींडही काढत. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोड्यांच्या तारा सोडून पाच एकेरी तारांचे विजेवरचे मँडोलिन घेतले आणि त्यावर कर्नाटक संगीताचे गमक उतरवले. जोडीतल्या दोन्ही तारा सारख्याच ओढल्या गेल्या नाहीत तर सूर दुभंगतो, त्यामुळे एकेरी तारेचा फायदा उघड आहे. तार ओढली की सूर चढतोच, उतरत नाही, म्हणून खालच्या पडद्यावरून ओढून वरचा सूर गाठायचा. शिकणाऱ्याने हे पुढे कधीतरी करावे. आत्ता नाही.

आत्ता बहुतेकांना वाजवायचे असते ते भजनात, शाळेच्या कार्यक्रमात, गणपतीच्या मांडवात. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात अशा बैठकीत पेटी असणारच. तिथे मोबाइल खिशात ठेवा. पेटी ४४० ला जुळलेली असेलच असे नाही. जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरलेली असू शकते आणि तिच्या पट्ट्या मांडवात कुणी घासत बसणार नाही. पेटीवाल्याला पांढरी सहा धरायला सांगा, पेटीत दुहेरी सूर असतील तर एकच स्वरपट्टी खुली ठेवायला सांगा आणि ए जोडी तिच्याशी मिळवा. बाकीच्या तीन जोड्या सातव्या पडद्यावरून. ब्रिज घरी जागेवर बसवलेला असेल तर पाच मिनिटे पुरतात.