विद्यानगरातील अंगण

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. परंतु शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने हैदराबादेस आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे तेथेच राहिली. उस्मानिया विद्यापीठाजवळ वसलेल्या विद्यानगरातील असे एखादे जुने बैठे घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे अंगण, मागे परस, परसात एके काळचा आड. कालांतराने आड बुजविला गेला, चिखलाचा त्रास नको म्हणून सबंध अंगणावर सिमेंटचा थर पडला, आणि आता मे महिन्यात त्यावर दुपारी अनवाणी पाऊल टाकवत नाही.

अशा घरातील नव्या पिढीला अंगण ‘फार्महाऊस’च्या धर्तीवर करून घ्यावेसे वाटते. चित्रांतून पाहिलेल्या पांढऱ्या रंगाच्या फळ्या, टांगलेले कंदील, भिंतीला टेकविलेले गाडीचे चाक, एवढ्यावर हौस भागते. घरातील वृद्धांना मात्र हा शब्द ऐकताच वेगळेच काही आठवते. परभणी-हिंगोलीकडे शेतातील वस्तीला आखाडा म्हणतात. तेथे शोभेसाठी काहीच नसे. लिंबाची सावली बैलांसाठी, ओटा धान्य व माणसे टेकण्यासाठी, आणि पाण्याची वाट घरापासून दूर काढलेली. प्रत्येक वस्तू कामाची असल्यामुळेच ते दृश्य डोळ्यांना निववीत असे. चित्रातील फळ्या विद्यानगरात लावल्या, तर दोन पावसाळ्यांत वाळवी त्यांचा हिशेब करील. तेव्हा नातवाचा हट्ट पुरवावयाचा असेल, तर आजोबांच्या आठवणीकडे वळणे अधिक शहाणपणाचे होय.

आरंभ पाण्यापासून करावा. हैदराबादेस वर्षाकाठी सुमारे 80 सेंटिमीटर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात जवळजवळ 80,000 लिटर पाणी पडते. सिमेंटच्या अंगणावरून ते सरळ रस्त्यावर जाते आणि सखल भागातील शेजाऱ्याच्या उंबरठ्याशी उभे राहते. 1908 सालच्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मान सागर व हिमायत सागर बांधले गेले; पण ऑक्टोबर 2020 मधील अतिवृष्टीने दाखवून दिले की, दूरचे तलाव गल्लीतील पाण्याचा प्रश्न सोडवीत नाहीत. तत्कालीन आंध्र प्रदेशाने 2002 साली केलेल्या जल, भूमी व वृक्ष कायद्याने पाऊस जमिनीत जिरविण्यावर भर दिला आहे. तोच कायदा झाडाच्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी परवानगी मागावयास लावतो, हेही ध्यानात असावे.

येथे मराठवाड्याची सवय थोडी फसवते. तिकडील काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. हैदराबादची तांबडी, रेताड जमीन पाणी लवकर पिते, पण तिच्याखाली ग्रॅनाइटचा कातळ केव्हा लागेल याचा नेम नाही. शोषखड्डा खणण्यापूर्वी दोन-तीन हातांचा लहान खड्डा करून त्यात पाणी भरावे व ते किती वेळात उतरते ते पाहावे. पाणी तसेच उभे राहिले, तर जागा बदलावी. खड्ड्यात तळाशी मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर जाड वाळू घालावी. तो पायापासून दहा फूट तरी दूर असावा. बुजविलेला आड पुन्हा मोकळा करता आला तर फारच उत्तम; मात्र त्यात गच्चीचे पाणी गाळल्यावाचून सोडू नये, आणि पहिल्या पावसाचे तर मुळीच नाही.

यानंतर फरशी. शहाबाद व तांदूर ही दोन्ही गावे हैदराबादपासून फार लांब नाहीत, तेव्हा जवळचा दगड सोडून दूरच्या गुळगुळीत लाद्या आणणे हे अनाकलनीयच आहे. रांगडी, न घासलेली शहाबादी फरशी मुरूम व वाळूच्या थरावर बसवावी, सांधे सिमेंटने भरू नयेत. त्यांतून पाणी खाली उतरते. उतार घरापासून बाहेर, दर दहा फुटांस दोन इंच पुरे. हा चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू, चिंच वा धुण्याचे आम्ल सांडले की डाग कायमचा पडतो. म्हणून मोरीजवळ काळा दगड बरा.

सावलीचा विचार करताना सूर्याची वाट पाहावी लागते. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास हैदराबादेत मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. परंतु भिंती खऱ्या तापतात त्या दुपारनंतर, पश्चिमेकडून. म्हणून मांडव पश्चिमेस घालावा आणि त्यावर मधुमालती किंवा जुई चढवावी. कडुलिंब लावावयाचा तर भिंतीपासून पंधरा फूट दूर. शेवगा परसात चालेल, पण त्याची फांदी वाऱ्याने सहज मोडते, तेव्हा त्याखाली मोटार उभी करू नये.

मोटारीवरूनच बहुतेक घरांत वाद होतो. मुलाला दोन गाड्यांची जागा हवी, आईला सडा-रांगोळीची. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. सगळे अंगण फरसबंद करण्याऐवजी चाकांपुरते दगडाचे दोन पट्टे घालावेत आणि मध्ये हरळी वाढू द्यावी. गाडी उभी राहते व जमीनही श्वास घेते. दुसऱ्या गाडीची हौस मात्र ओट्याच्या मुळावर येते. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला टेकावयास, शेजाऱ्याला हाक मारावयास ओट्यावाचून दुसरी जागा नसते. दीड फूट उंच, दोन फूट रुंद, वर एकसंध फरशी, एवढा ओटा दाराच्या एका बाजूस ठेवावा. आणि उंबऱ्यासमोर चार हात जमीन सारवणासाठी तशीच मातीची राखावी.