फाइलीच्या पहिल्या बाइटांची साक्ष

संगणकातील एखाद्या फाइलीचे नाव 'अहवाल.पीडीएफ' असले, तरी ती खरोखरच पीडीएफ आहे याची हमी त्या नावातून मिळत नाही. विंडोज नावातील शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे, म्हणजेच एक्स्टेन्शन, रजिस्ट्री या मध्यवर्ती नोंदसंग्रहात शोधते आणि फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची ते ठरवते. युनिक्सच्या परंपरेत मात्र फाइल आतून तपासण्याची रीत रुजली आणि त्यासाठी 'फाइल' याच नावाची आज्ञा १९७३ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या युनिक्समध्ये आली. तिची आज सर्वत्र आढळणारी मुक्त आवृत्ती इयन डार्विन यांनी १९८०च्या दशकात लिहिली आणि पुढे क्रिस्टोस झूलास यांनी ती सांभाळली.

या आज्ञेचे खरे सामर्थ्य प्रोग्रॅमबाहेर ठेवलेल्या 'मॅजिक' नावाच्या तक्त्यात आहे. कितव्या बाइटपासून पाहायचे, तिथे काय सापडले पाहिजे आणि सापडल्यास काय जाहीर करायचे, एवढेच त्याची प्रत्येक ओळ सांगते. त्यामुळे नवा प्रकार नोंदवण्यासाठी प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही, तक्त्यात ओळी वाढवल्या की पुरते. ज्या खुणेवर ही ओळख बेतलेली असते तिला मॅजिक नंबर म्हणतात. पीएनजी चित्राची खूण या दृष्टीने अतिशय विचारपूर्वक घडवलेली आहे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातला पहिला बाइट १२७च्या पुढचा असल्याने सात बिटांच्या जुन्या वाहिनीतून फाइल गेली तर बिघाड तिथेच उघड होतो, पुढचे तीन बाइट 'पीएनजी' ही अक्षरे आहेत, आणि १३ व १० ही ओळ संपल्याची चिन्हे वाटेत कोणी बदलली असतील तर तेही लगेच कळते.

सगळ्याच खुणा इतक्या निःसंदिग्ध नाहीत. जावाची संकलित फाइल आणि अॅपलची अनेक प्रोसेसरांसाठी एकत्र बांधलेली फाइल या दोन्ही अगदी एकसारख्याच चार बाइटांनी सुरू होतात; म्हणून तक्त्याला पुढची संख्या पाहावी लागते. अॅपलच्या फाइलीत ती प्रोसेसर-प्रकारांची संख्या असल्याने लहान असते, तर जावाच्या फाइलीत तिथे आवृत्तीचा क्रमांक येतो आणि तो ४५पासून पुढे चालतो. हा निवाडा प्रोसेसरांचे प्रकार थोडेच राहतील या गृहीतावर उभा आहे.

साध्या मजकुराच्या फाइलीला तर बहुधा खूणच नसते, आणि मराठीपुरती ही अडचण फार गंभीर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी छपाईसाठी टाइप केलेल्या असंख्य मराठी मजकुरांत देवनागरीच्या आकारांना पाश्चात्त्य अक्षरांचेच संकेतांक दिलेले होते आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी होती. असा मजकूर साध्या फाइलीत उतरला की फॉन्टचे नाव गळून पडते, उरलेले बाइट 'फाइल' आज्ञेला युरोपीय मजकुरासारखे दिसतात आणि मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी कोणता परिवर्तक वापरावा हे त्यांवरून थेट कळत नाही. तक्त्यात कितीही ओळी वाढवल्या तरी जी खूण फाइलीत कधी लिहिलीच गेली नाही ती त्यांना सापडणार नाही. तेव्हा फॉन्टचे नाव टाइप करणाऱ्यांनाच विचारून फाइलीसोबत नोंदवून ठेवणे हाच भरवशाचा उपाय उरतो, आणि ती माणसे भेटू शकतात तोवरच तो करता येईल.