ओल मातीची, ओल पिकाची

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी विषय घेऊन. विज्ञानावर बोलायचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. पण मातीच्या एका ढेकळाने मला बरीच वर्षं सतावलं, त्याची हकीकत सांगायची आहे.

सोलापूर जिल्ह्यात आमची थोडी काळी जमीन होती. रब्बीची ज्वारी हेच मुख्य पीक. मी बारावीत असताना परतीच्या पावसाने दगा दिला. ज्वारी पोटरीत आली आणि पानांच्या सुरळ्या होऊ लागल्या. मी अब्बांबरोबर रानात गेलो. वीतभर उकरून एक ढेकूळ काढलं, तर हाताला गार लागलं. मी म्हणालो, "अब्बा, जमिनीत ओल आहे. मग ज्वारी का वाळते? तुम्ही घरचं बी पेरलंत, म्हणून."

अब्बा म्हणाले, "ओल आहे, पण ती मातीची. पिकाच्या वाट्याची संपली."

मला ती सारवासारव वाटली. रात्री चाचांच्या देखत मी पुन्हा बियाण्याचा विषय काढला. अब्बा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी उसनवारी करून विकतचं बी आणलं. पाऊस पुन्हा तसाच झाला आणि ज्वारीही तशीच वाळली. उसने पैसे फेडायला दोन वर्षं लागली.

आता त्या ढेकळाकडे वळू. काचेची बारीक नळी पाण्यात उभी धरली, की पाणी आपोआप वर चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं ते याच गुणाने. याला केशाकर्षण म्हणतात. यातला नियम सोपा आहे. नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं. 1 मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते सुमारे 3 सेंटिमीटर चढेल, तर त्याच्या दहाव्या हिश्शाच्या नळीत 30 सेंटिमीटर. म्हणजे पोकळी जितकी लहान, तितकी तिची पाण्यावरची पकड घट्ट.

माती म्हणजे अशा लहानमोठ्या पोकळ्यांचं घरच. पाऊस पडल्यावर मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निथळतं, तिथे हवा शिरते. आपण म्हणतो, वापसा आला. मधल्या पोकळ्यांतलं पाणी मुळं ओढून घेतात. ते संपत जातं तसं उरलेलं पाणी आणखी बारीक पोकळ्यांत असतं आणि मुळांना अधिक जोर लावावा लागतो. साधारण 15 वातावरणदाबाइतका जोर लागू लागला, की बहुतेक पिकं हरतात. मोटारीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ती जेमतेम 2 वातावरणदाबांची, यावरून अंदाज यावा. या टप्प्याला पाणी ज्या पोकळ्यांत उरतं, त्यांची रुंदी केसाच्या जाडीच्या काही सहस्रांश असते.

काळ्या मातीत याहून बारीक जागा आहेत. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज वहीच्या पानांसारखं थरांचं बनलेलं असतं. एकेक पान सुमारे 1 नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दोन पानांमध्ये पाण्याच्या रेणूंचे एक-दोन पदर शिरतात. पानं फुगतात, जमीन फुगते. ते पदर निघून गेले की जमीन आकसते आणि भेगा पडतात.

इतक्या अरुंद जागेत पाणी आपल्या ओळखीचं राहत नाही. भिंतीलगतचे रेणू भिंतीला धरून बसतात, त्यांची हालचाल मंदावते. बर्फ होण्यासाठी रेणूंना ठरावीक मांडणीत बसावं लागतं, तेवढी ऐसपैस जागाच तिथे नसते. त्यामुळे सिलिकाच्या 3-4 नॅनोमीटर रुंद छिद्रांतलं पाणी शून्याखाली 40 अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूप राहतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. सैबेरियाच्या गोठलेल्या चिकणमातीतसुद्धा पाण्याचा पातळ पापुद्रा न गोठता राहतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. 1912 साली ब्रिग्ज आणि शान्झ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अनेक पिकं निरनिराळ्या मातींत वाढवली आणि ती कायमची कोमेजली तेव्हा मातीत किती ओल उरली, ते मोजलं. एकाच मातीत जवळजवळ सगळी पिकं सारख्याच ओलीला कोमेजली. माती बदलली की मात्र हा आकडा बदलत होता. वाळूसर जमिनीत 100 ग्रॅम मातीमागे दोन-चार ग्रॅम पाणी उरतं, तर भारी काळीत 20 ग्रॅमच्या आसपास. म्हणूनच माझ्या हाताला ढेकूळ गार लागलं होतं. बियाणं घरचं की विकतचं, याने त्या पाण्याला फरक पडणार नव्हता.

काळीला कंजूष म्हणून दोष देण्यातही अर्थ नाही. मधल्या पोकळ्यांत ती भरपूर पाणी साठवते, म्हणून तर पाऊस सरल्यावर तिच्यावर रब्बी उभी राहते. साठा तुटपुंजा असेल तेव्हा तो जपणं एवढंच आपल्या हाती. कोळपणीने भेगा बुजतात, वरची माती मोकळी होऊन ओल वर खेचणाऱ्या पोकळ्या तुटतात आणि पाणी उडून जायचं कमी होतं. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुने शेतकरी म्हणतात ते यामुळेच. अब्बा दोन्ही वर्षी तीन-तीन वेळा कोळपं चालवत होते. मी ते पाहत होतो, तरी बोललो.

हे सगळं मला समजलं तेव्हा अब्बा राहिले नव्हते. केशाकर्षण हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण मातीची ओल आणि पिकाची ओल यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता. मी त्यांची माफी मागायला हवी होती, ती राहून गेली. तुमच्या घरी कुणी जुनं माणूस मातीबद्दल काही सांगत असेल, तर उत्तर द्यायची घाई करू नका, एवढंच सांगतो.