पदवी नसली तरी तालीम हवीच

शिक्षण अर्धवट सुटलेली, पण लिहिण्याची ओढ असलेली कितीतरी माणसं आपली वही कुणाला दाखवत नाहीत. ‘आपण कुठं साहित्य शिकलोय?’ ही भीती आडवी येते. मराठी साहित्याचा इतिहास बघितला, तर या भीतीला काडीचाही आधार नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी उतरवून घेतलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. गिरणीत राबलेले, शाळेत शिपाई म्हणून काम केलेले नारायण सुर्वे १९९५ च्या परभणी संमेलनाचे अध्यक्ष झाले.

ही नावं आपण अभिमानानं सांगतो, आणि ‘प्रतिभा असली की झालं’ असा सोपा निष्कर्ष काढून मोकळे होतो. मला तो मान्य नाही. या माणसांनी कॉलेज पाहिलं नसेल, पण तालीम चुकवली नाही. शाळेशी जेमतेम तोंडओळख झालेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. दिवसभर राबून आलेल्या कामगारांपुढं लोकनाट्य करायचं, म्हणजे कुठला संवाद पडला आणि कुठला पोचला, याचा निकाल जागच्या जागी लागतो. १९५९ ची ‘फकिरा’ लिहिणाऱ्या हाताला ही सवय होती.

व्यंकटेश माडगूळकरांचं उदाहरण तर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं नीट अभ्यासावं. सांगली जिल्ह्यातलं माडगूळ हे त्यांचं गाव, तेव्हा औंध संस्थानातलं. बेचाळीसच्या चळवळीत उतरल्यावर शिक्षण सुटलं ते सुटलंच. पण इंग्रजी पुस्तकं वाचायची म्हणून ते स्वतःच इंग्रजी शिकले. चित्रं काढण्याचा नाद होता. चित्रकाराची ती नजर त्यांच्या गद्यात जागोजागी दिसते. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आलं, तेव्हा त्यांचं वय बावीसच्या आसपास होतं.

‘बनगरवाडी’ (१९५५) वाचताना मास्तराकडं लक्ष द्या. धनगरांच्या वाडीत आलेला हा पोरसवदा मास्तर सुरुवातीला ऐकतोच जास्त. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू ही माणसं आपापल्या बोलण्यातून, वागण्यातून उभी राहतात. लेखक मध्ये येऊन त्यांची शिफारस करत नाही. पुढं दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, आणि तिथंही लेखक गळा काढत नाही. हा संयम आपोआप येत नाही, तो लिहून-खोडून कमवावा लागतो. पुढं माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांसाठी वर्षानुवर्षं काम केलं. ऐकणाऱ्याला समजेल असं लिहिणं हा तिथला रोजचा रियाज. १९८३ मध्ये ‘सत्तांतर’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

साहित्याचं शिक्षण वाया जातं, असं मी म्हणणार नाही. चांगला प्राध्यापक दहा वर्षांचं वाचन दोन वर्षांत घडवतो. ती संधी ज्याला मिळाली नाही, त्यानं ती कसर वाचनालयात बसून, माणसांत बसून आणि तोंडावर खरं सांगणारा एक वाचक शोधून भरून काढावी. हा वाचक घरातला नसलेला बरा. घरचे कौतुकच करतात.

दिवाळी अंकाचा संपादक आलेली कथा वाचतो, गुणपत्रिका मागत नाही. तुमची कथा मोठ्यानं वाचा, अडखळाल तिथं दुरुस्त करा आणि पाठवून द्या. परत आली, तर पुन्हा लिहायला बसा.